ये ना घरी कधीतरी!

पुण्यात परदेशी विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त वेळा मिळणारं आमंत्रण: ‘ये ना घरी कधीतरी.’ आता सुदानच्या एखाद्या मुलाने खरंच मोबाइल काढून ‘रविवारी येऊ?’ असं विचारलं, तर यजमानाचा चेहरा बघावा.

हा येणार की काय?

इराण्यांची तर वेगळीच पंचाईत. त्यांच्याकडे ‘तारोफ’ नावाचा शिष्टाचार आहे. पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा, पुन्हा ‘नको’, पुन्हा आग्रह. इथे आपण विचारतो, ‘चहा?’ तो म्हणतो, ‘नको.’ आपण म्हणतो, ‘बरं.’

शिष्टाचार दोघांनीही पाळला. चहा वाचला.

‘मैत्रीत कसलं थँक्यू?’ हे आपलं लाडकं वाक्य. छान आहे. पण त्याच मैत्रीच्या हक्काने पहिल्याच भेटीत भाडं किती, वडील काय करतात, केसांना हात लावू का? वर ‘तू नायजेरियाचा ना?’ तो टांझानियाचा. आपल्या लेखी आफ्रिका हा एकच देश, आणि तोही फारसा मोठा नाही.

खरी परीक्षा कट्ट्यावर. पहिली पाच मिनिटं इंग्रजी, मग कुणीतरी मराठीत विनोद करतो. सगळे खो खो. सभ्यपणा म्हणून पाहुणाही हसतो. मग विचारतो, काय झालं?

‘काही नाही रे, तुला नाही कळणार.’

नोट्स मात्र मिळतात हं! परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा.

यात नवं काही नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉकनर आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांबद्दल 1977 मध्येच लिहून ठेवलंय: जिवाभावाचं बोलायला आपल्या देशाची माणसं, यजमान मंडळी अभ्यासाच्या कामापुरती. आणि आपण समजत होतो, हा पुणेरी शोध.

याच शहरात फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर शां. ब. मुजुमदार यांना एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना दिसली. चौकशी केली तर आत कावीळ झालेला मॉरिशसचा विद्यार्थी, आणि मुलीच्या हातात त्याचं जेवण. त्यातून 1971 मध्ये सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. आज तशीच खिडकी दिसली तर आधी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडेल.

दोन वर्षांनी हाच कट्टा एमएस करायला टेक्सासला जातो. पहिल्याच आठवड्यात घरी फोन: ‘आई, इथले लोक ना, गोड बोलतात, पण घरी नाही बोलवत.’

आईला गहिवरून येतं. परक्या मुलखात माझं लेकरू!