लहान मुलांसह तंबूत मुक्काम: परिचालन पुस्तिका

प्रस्तावना

कोराडीत वीज केंद्रातले ६६० मेगावॉटचे तीन संच चालवायला जाडजूड पुस्तिका आहेत. घरातली दोन पोट्टी एक रात्र तंबूत चालवायची, तर मात्र साधं परिपत्रकही नाही. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत पुस्तिका जारी करण्यात येत आहे. यापुढे सात वर्षांच्या अपत्यास 'संच क्रमांक १' व चार वर्षांच्या अपत्यास 'संच क्रमांक २' असे संबोधले जाईल. दोन्ही संच एकाच वेळी सुरळीत चालतील, याची हमी कोणीही देत नाही.

१. स्थळनिवड

रामटेकजवळचा खिंडसी तलाव सोयीचा आहे, पण संच क्रमांक २ पाण्याच्या दिशेने आपोआप धावतो. सबब पेंचच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला सिल्लारी परिसर निवडावा. कामठी, कन्हान, मनसर असा रस्ता आहे. जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. परवानगी असलेल्या आवारातच मुक्काम करावा. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आणि त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवण्यात आली. जन्मापासून केंद्राच्या लखलखाटात झोपलेल्या कोराडीच्या मुलांना अंधार दाखवायला इतकी जवळची दुसरी जागा नाही.

२. काळ

डिसेंबर उत्तम. मात्र २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे ध्यानात ठेवून प्रत्येकी दोन कानटोप्या घ्याव्यात. एक हरवण्यासाठी असते.

३. प्रस्थान

निघताना जगदंबेचं दर्शन घ्यावं. कोराडीची देवी सकाळी कन्या, दुपारी युवती आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, अशी श्रद्धा आहे. तंबूच्या मुक्कामावर ही तिन्ही रूपं आई एका तासात दाखवते. पहिलं रूप फोटोपुरतं असतं.

गाडी कामठी ओलांडण्याच्या आत "आलं का?" हा प्रश्न येईल. "थोडंच राहिलं" हे प्रमाणित उत्तर मनसरपर्यंत चालवावं. पुढे "मोगली कुठे राहते?" असं विचारलं जाईल. किपलिंगने मोगलीच्या गोष्टी शिवनीच्या डोंगरांत घडवल्या आहेत. "तो पलीकडे, मध्य प्रदेशात राहते" असं सांगावं. उत्तर खरं आहे आणि आपल्या हद्दीतली जबाबदारी संपते.

४. उभारणी

तंबू बाबांनी उभारावा. संच क्रमांक १ खुंट्या मोजून देईल, संच क्रमांक २ त्याच खुंट्या मातीत पेरेल. शेजारच्या तंबूतले काका येऊन "असं नाही हो भाऊ" म्हणतील. त्यांना दोरी धरायला द्यावी, म्हणजे बोलणं कमी होतं. तंबू उभा राहिल्यावर त्याची झिप मुलांच्या ताब्यात जाते. वर, खाली, वर, खाली. जंगल पाहायला आणलं होतं, याची आठवण या वेळी करून देऊ नये. उपयोग होत नाही.

५. इंधनपुरवठा

मोठ्यांसाठी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. आवारातल्या माणसाने नेमून दिलेल्या जागीच गोवऱ्या पेटवाव्यात. निखारे पडले की कणकेचे गोळे त्यात सारावेत आणि वरून पापुद्रा काळा झाला की काढून फडक्यात घेऊन राख झटकावी. रोडगा फोडून त्यात तूप ओतलं की थंडीचा निम्मा प्रश्न सुटतो. संचांसाठी वरण-भात वेगळा शिजवावा. संच तो खाणार नाहीत. कधी नव्हे ते राख लागलेला रोडगाच मागतील आणि अख्खा संपवतील. घरी ताटातली कोथिंबीर वेचून काढणारं हेच पोर आहे का, अशी शंका मनात आणू नये. तूप वाढावं.

६. अंधार

जेवणानंतर आवारातले दिवे मालवले जातात. पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे: "बाबा, लाईट काहून गेली?" त्यानंतर "कधी येईन?" महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या गावच्या नागरिकाने हे विचारणं रास्त आहे. तक्रार नोंदवून घ्यावी. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तोवर कोणी मोबाइल उघडला तर मोजणी पुन्हा सुरू होते. टॉर्चवर लाल कागद लावावा.

मग पूर्वेला मृग नक्षत्र दाखवावं: चौकोन म्हणजे हरीण, मधले ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि मागून तेजाने लखलखणारा व्याध. गोष्ट इथेच थांबवणं शहाणपणाचं, पण थांबवता येणार नाही. "मंग ते हरीण मेलं?" असा प्रश्न संच क्रमांक २ कडून, ओठ काढून, येईल. "नाही, अजून पळून राहिलं" हे उत्तर द्यावं. त्यानंतर ते हरीण खरोखरच पळताना त्याला दिसतं आणि तो आपल्याला दाखवू लागतो. या टप्प्यावर पालकांनी खगोलशास्त्र आवरतं घ्यावं आणि तो बोट दाखवील तिकडे बघावं.

७. रात्रपाळी

बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी घालण्याआधी झटकावेत. झिप पूर्ण लावावी. "शू आली" हा इशारा सर्वांनी पांघरुणात शिरून ऊब धरल्यानंतरच वाजतो. एक संच जाऊन आला की दुसऱ्याला लागते. दोघांना एकत्र नेण्याची सूचना आजवर कोणत्याही घरात यशस्वी झालेली नाही. दूर कोल्हे ओरडले तर घाबरू नये. पोट्टे झोपेत असतात आणि घाबरतो तो बाबा.

८. उत्पादन

सफारीत वाघ दिसेलच असं नाही. दिसला तरी आजीला सांगताना क्रम असा लागतो: झिप, राखेतला रोडगा, काकांची घसरलेली चप्पल, शेण ढकलत नेणारा भुंगा, पळणारं हरीण. वाघ आजीलाच विचारावा लागतो. त्यावरून खर्च वाया गेला असा निष्कर्ष काढू नये. पालकाच्या हाती फक्त तूप, कानटोपी आणि थोडा अंधार पुरवणं असतं. मजा कुठून निघणार, हे आधीच्या यादीत नसतं. असती तर ती घरीच करता आली असती.

९. परतीनंतर

तंबू दिवाणखान्यात उभारण्याची मागणी त्याच संध्याकाळी येईल. मान्य करावी. चिखल वाळू द्यावा, मग झटकावा. ओला पुसला तर पसरतो. गादी आणि पंखा हाताशी असल्याने त्यात मोठ्या माणसाने झोपण्याचं काहीएक कारण नाही. तरी झोपावं लागतं. झिप आतून लावून घेतलेली असते.