चावीवाला

लास वेगासला चाललोय म्हटल्यावर मावशीने विचारलं, "पत्ते खेळायला?" मी म्हटलं, "नाही गं, हॅकर लोकांच्या परिषदेत भाषण द्यायला." ती गप्प झाली. त्यापेक्षा पत्ते परवडले, असा चेहरा. निघताना मात्र तिने बॅगेसाठी कुलूप दिलं, लाल हिऱ्याच्या खुणेचं, "अमेरिकेत चालतं" असं दुकानदाराने सांगितलेलं.

परिषदेचं नाव डेफकॉन. १९९३ साली जेफ मॉस नावाच्या तरुणाने एका मित्राच्या निरोपाची पार्टी ठरवली. मित्र आधीच निघून गेला, पार्टी मात्र झाली आणि दरवर्षी होतच राहिली. आता ऑगस्टच्या भट्टीत तिथे हजारो लोक जमतात. जुनेजाणते नवख्यांना 'तीन-दोन-एक' सांगतात, म्हणजे रोज निदान तीन तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. आंघोळीचा नियम का करावा लागला, हे रांगेत उभं राहिल्यावर नाकाला कळलं.

दारात रोख पैसे मोजायचे आणि बिल्ला घ्यायचा. नाव कुणी विचारत नाही. आपल्याकडे लग्नात जेवायला बसलं तरी "मुलाकडचे की मुलीकडचे?" असं विचारतात. आत 'वॉल ऑफ शीप' नावाचा पडदा. बेसावधपणे वायफाय वापरणाऱ्यांची नावं आणि अर्धेमुर्धे झाकलेले पासवर्ड त्यावर झळकतात. मी फोन बंद करून मोज्यात कोंबला होता. त्यामुळे अब्रू वाचली, पण हॉटेलची खोली काही सापडेना. कॅसिनोत घड्याळ नसतं, खिडकी नसते, आणि प्रत्येक वाट फिरून त्याच मशीनपाशी येते.

माझा विषय होता सोसायटीच्या दारांची कार्डं. जुनी कार्डं फार भोळी. समोर कुठलंही वाचकयंत्र आलं की आपला नंबर सांगून मोकळी होतात, आणि नंबर कळला की दुसरं कार्ड तयार. मी रंगात आलो होतो, तेवढ्यात लाल शर्टातले स्वयंसेवक स्टेजवर चढले. त्यांना तिथे 'गून' म्हणतात. मला वाटलं, वेळ संपली. पण पहिल्यांदा बोलणाऱ्याला भर स्टेजवर दारूचा घोट पाजायची तिथली रीत. शाल-श्रीफळाची सवय असलेला मी "घेत नाही" म्हणालो, तेव्हा कुणीतरी सफरचंदाचा रस आणून दिला. टाळ्या भाषणापेक्षा त्यालाच जास्त पडल्या.

मग कुलपं उघडायला शिकवणाऱ्या टेबलावर गेलो. तिथे बारा-तेरा वर्षांच्या पोराने मावशीचं कुलूप हातात घेतलं आणि बोलता बोलता उघडून परत दिलं. अशा कुलपांच्या मास्टर चाव्यांचा फोटो २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढच्या वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चाव्या काढल्या, हेही त्यानेच सांगितलं. मी दोन तास बसून शिकलो, हत्यारांचा छोटा संच विकत घेतला.

पुण्यात पहाटे दाराशी पोचलो तर लॅचची किल्ली नाही. बायको माहेरी. म्हटलं, आता विद्या दाखवू. पाऊण तास गुडघ्यावर बसून खुडबुड केली. वॉचमन दोनदा येऊन पाहून गेला. शेवटी समोरच्या काकांनी चौकातला चावीवाला बोलावला. त्याने वाकड्या तारेने चहा गार व्हायच्या आत दार उघडलं, दोनशे रुपये घेतले आणि जाताना म्हणाला, "साहेब, लॅच बदला. हे कुणीही उघडेल."