न मिळणारी हिरवी

गाडी घेण्यापेक्षा गाडीचा अभ्यास करणं फार स्वस्त पडतं. अभ्यासाला पेट्रोल लागत नाही, पार्किंग लागत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद घालावा लागत नाही. शिवाय अभ्यास करणाऱ्या माणसाला घरात थोडं वजन येतं. मी सध्या अशा वजनदार अवस्थेत आहे. विषय सुझुकीची जिम्नी, आणि तीही एकटी इथली नव्हे. जपानची, युरोपची, ऑस्ट्रेलियाची आणि आपली, अशा सगळ्या जिम्न्या मी शेजारीशेजारी मांडून बसलो आहे.

"पण घ्यायची इथलीच ना?" बायकोने विचारलं.

घ्यायची इथलीच. पण बाकीच्यांना काय मिळतं हे पाहिल्याशिवाय आपल्याला काय मिळत नाही ते कळायचं कसं? आणि ते कळल्याशिवाय खरेदीत मन कसं रमायचं?

या गाडीचा जन्मच मुळी मापाच्या धाकात झाला. १९७० साली पहिली जिम्नी आली, तेव्हा जपानमधल्या छोट्या 'केई' गाड्यांना लांबी ३ मीटरच्या आत आणि इंजिन ३६० सीसीच्या आत ठेवावं लागे. स्टेपनी मागे लटकवली तर लांबी हद्दीबाहेर जाणार. म्हणून ती आत घेतली, पुढच्या सीटच्या मागे. गाडी तीन माणसांची झाली. चौथ्याच्या जागी स्टेपनी बसली. आपल्याकडे हा निर्णय झाला असता तर चौथा माणूस स्टेपनीवर बसला असता.

आता ती हद्द ३.४ मीटर आणि ६६० सीसीवर आली आहे. जपानची आजची केई जिम्नी ३३९५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे हद्दीपासून अवघी ५ मिलिमीटर आत. कायद्याला इतकं चिकटून, तरीही शिल्लक ठेवून चालणारा माणूस मला फक्त बँकेत भेटला आहे. माझा पुतण्या टोकियोच्या निशिकासाई भागात राहतो. त्याच्याकडून कळलं की तिकडे गाडी नावावर व्हायच्या आधी ती उभी करायला जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. केई गाड्यांना बऱ्याच गावांत यातून सवलत आहे, पण मोठ्या शहरात सहसा नाही. हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकाने हळूच विचारलं, "म्हणजे दुसऱ्याच्या गेटसमोरची जागा चालत नाही?"

युरोपची तऱ्हा आणखी निराळी. तिथे २०२० पासून प्रत्येक कंपनीला आपल्या सगळ्या नव्या गाड्यांच्या धुराची सरासरी काढून किलोमीटरला ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास ठेवणं भाग पडलं. चौकोनी अंगाची, वाऱ्याशी भांडत धावणारी जिम्नी त्या सरासरीत कुठून बसणार? प्रवासी गाडी म्हणून तिला बाजारातून काढावी लागली. मग पुढच्या वर्षी ती मालवाहू होऊन परत आली: मागची सीटं गेली, सपाट फळा आला, मध्ये जाळी आली, आणि सामानाला ८६३ लिटर जागा झाली. दोन माणसं पुढे, बाकी सगळा संसार मागे. मला हे रूप फार आवडलं. "अहो, मग आईंना कुठे बसवायचं?" या प्रश्नावर ते निकालात निघालं.

तर आपली जिम्नी. २०२३च्या जानेवारीत दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत ती जगात पहिल्यांदा पाच दारांनिशी उभी राहिली, आणि जूनमध्ये विक्रीला आली. तीन दारांच्या गाडीत मागची सीटं उभी असताना सामानाला ८५ लिटर जागा उरते. तेवढ्यात आमचं दिवाळीचं फराळाचं सामानही मावत नाही. आपल्या गाडीत चाकांमधलं अंतर ३४० मिलिमीटरने वाढवलं, डिकी २०८ लिटरची केली. मात्र दारं पाच आणि बसणारे चारच. दरडोई सव्वा दार. इतका दिलदार हिशोब मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिला नाही. वाढीव अंतराची किंमतही मोजावी लागते: मधल्या उंचवट्यावर पोट न टेकवता जाण्याचा कोन तीन दारवालीत २८ अंश, आपलीत २४. हे चार अंश मी घरात बोललो नाही, कारण आमच्या वाटेत सगळ्यात मोठा उंचवटा म्हणजे सोसायटीच्या गेटमधला स्पीडब्रेकर.

लांबीचं मात्र मला वाईट वाटतं. आपली जिम्नी ३९८५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला १५ मिलिमीटर कमी. चार मीटरच्या आतल्या गाडीला आपल्याकडे कर कमी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याला जोडून दुसरी अट आहे: पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं. जिम्नीचं १४६२ आहे. एसटीत पोराने अंग चोरून अर्ध्या तिकिटाच्या मापात बसावं आणि कंडक्टरने जन्माचा दाखला मागावा, तसं तिचं झालं. २०२५च्या सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हाही छोट्या गाड्या १८ टक्क्यांत गेल्या आणि ही ४० टक्क्यांत राहिली.

आणि या गाडीला घरच्या बाजारात फारसा उठाव नाही. "एवढ्या पैशात मोठी येते" हे वाक्य तिच्याबद्दल मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते तिच्या माहितीपत्रकात छापायला हरकत नाही. हीच गाडी, गुरुग्रामच्या कारखान्यातली, ३० जानेवारी २०२५ रोजी जपानमध्ये 'नोमेड' नावाने जाहीर झाली. चारेक दिवसांत सुमारे ५०,००० लोकांनी नावं नोंदवली. कंपनीने महिन्याला १,२०० गाड्या धरल्या होत्या, म्हणजे शेवटच्या माणसाने तीन वर्षांहून जास्त वाट पाहायची. नोंदणी बंदच करावी लागली. पुतण्याचा फोन आला, "काका, तुमच्याकडे लगेच मिळते म्हणे?" मिळते. शोरूमवाला मुलगा तर आठवड्यातून दोनदा मला तसं आपणहून कळवतो.

अर्थात जपानी कागद आणि आपला कागद शेजारी ठेवला की डोक्याला ताप होतो. आपल्याकडे हातगिअरच्या गाडीचं मायलेज लिटरला १६.९४ लिहिलं आहे, जपानी कागदावर त्याहून कमी. समुद्र ओलांडताना गाडी थकली असं नव्हे, मोजायची रीत निराळी. त्यांना गरम होणारी सीटं आहेत. पुण्यात मे महिन्यात ती सोय कंपनीने न देताही मिळते. आपल्या वरच्या मॉडेलला हेडलाइट धुणारे फवारे आहेत. मागचं दार बाजूला उघडतं, बिजागऱ्या उजवीकडे. आपण आणि जपानी डावीकडून चालतो, म्हणून सामान थेट फुटपाथवरून चढवता येतं. जर्मन माणसाला मात्र उघड्या दाराला वळसा घालून रस्त्यात उभं राहावं लागतं. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. छपराच्या कडेला पन्हाळीसारखी पट्टी आहे. दार उघडलं की पावसाचं पाणी मांडीवर पडू नये म्हणून. ही मात्र जगात सगळीकडे सारखीच. वरंधा घाटात जुलैमध्ये दार उघडून पाहिलेल्या माणसालाच तिची किंमत कळेल.

खरं दुखणं रंगाचं आहे. नोमेडच्या रंगांत 'जंगल ग्रीन' आहे, शेवाळलेल्या कातळासारखा नव्हे, त्याहून गडद, सुरेख. तो रंग गुरुग्राममध्येच चढतो आणि बोटीत बसतो. आपल्या यादीत लाल आहे, निळा आहे, डोळ्यांवर येणारा पोपटी-पिवळा आहे, हा नाही. कट्ट्यावरचे एक निवृत्त आरटीओ साहेब लगेच म्हणाले, "लष्करी हिरवा खासगी गाडीला देता येत नाही. मोटार वाहन नियमात आहे." आहे खरं, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पण हा ऑलिव्ह नाही, जंगल आहे, यावर आमचे दोन चहा गेले. आणि गंमत अशी की जिम्नीची इथली थोरली बहीण जिप्सी १९९१पासून लष्करात तोच ऑलिव्ह अंगावर घालून फिरली, आणि ताडोबात आजही वाघ बघायचा तर लोक "जिप्सी बुक केली का?" असंच विचारतात.

शोरूमवाला मुलगा परवा अगदी काकुळतीला आला. "सर, पांढरी आजच्या आज देतो. नक्की काय अडलंय?"

मी त्याला सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या हेरिटेज आवृत्तीला लाल मडफ्लॅप असतात, त्यावर अजून विचार चालू आहे. तो म्हणाला, "मडफ्लॅप मी बाहेरून बसवून देतो, सर. लाल, हिरवे, कुठलेही."

हिरवे म्हणाला, म्हणून मी फोन ठेवला नाही.