दोन मायक्रोसेकंदांचं काम

पत्र्याला दोन बाजू असतात. बाहेरच्या बाजूला रंग असतो, कारखान्याचं नाव असतं आणि पाहुणे आले की तिच्यासमोर फोटो निघतात. आतल्या बाजूला वाफ, रस, मळी आणि गंज असतो आणि तिकडे कुणी फिरकत नाही. कॅलिपरनं जाडी मोजायची तर त्याचं एक टोक बाहेर आणि दुसरं आत जायला हवं. त्यासाठी धडधाकट टाकीला भोक पाडू देणारा चीफ इंजिनिअर अजून जन्माला यायचाय. म्हणून माझ्यासारख्यांचं पोट चालतं.

मी अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज घेऊन साखर कारखान्यांतून हिंडतो. त्यांचा गळीत हंगाम संपला की आमचा सुरू होतो आणि दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटला की संपतो. यंत्र तळहातावर मावणारं. त्याला एक वायर आणि वायरच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढा प्रोब. पहिल्यांदा बघणाऱ्याचा फार विरस होतो. 'जाडी मोजायला पुण्याहून माणूस येतोय' म्हटल्यावर मागून टेम्पो भरून सामान येईल, अशी त्याची समजूत असते. मग तो आधी यंत्राकडे, नंतर माझ्या पोटाकडे बघतो आणि म्हणतो, "तुम्ही व्हय जाडीवाले?"

प्रोबमध्ये दोन स्फटिक असतात. एक बोलतो आणि दुसरा नुसता ऐकतो. कारखान्याच्या वार्षिक सभेत ही पद्धत अजून आलेली नाही. बोलणारा सेकंदाला पन्नास लाख वेळा थरथरतो. तो आवाज माणसाला काय, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. आवाज पत्र्यात शिरतो, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत फिरतो. विहिरीत हाक मारून पाणी किती खोल गेलंय ते ओळखावं, तसाच हा प्रकार. फक्त पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर पळतो, हवेतल्यापेक्षा सतरापट. सहा मिलिमीटरच्या पत्र्यात जाऊन यायला त्याला दोन मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले दोन उचला.

मोजणी एवढ्यात आटोपते. उरलेला दिवस कुठे जातो तेही सांगतो. सकाळी गेटवरच्या वहीत नाव, गाव, गाडीचा नंबर आणि 'कोणास भेटावयाचे' हे लिहायचं. ज्यांना भेटायचं ते मीटिंगमध्ये असतात. त्यांच्या सहीशिवाय परमिट नाही आणि परमिटशिवाय शिडी नाही. सही होते तेव्हा शिडी स्टोअरच्या कुलपात असते आणि किल्लीवाला कुणाच्या तरी बाराव्याला गेलेला असतो. दुसरीकडून शिडी येते ती चार पायऱ्यांनी आखूड. मग परांची बांधायचं ठरतं. बांबू येतात, दोर येत नाही. तोवर चहा होतो, पाठोपाठ जेवणाची सुट्टी होते. दुपार कलल्यावर मी वर चढतो, प्रोब टेकवतो, दोन मायक्रोसेकंद काम करतो आणि खालून कुणीतरी विचारतं, "झालं? एवढ्याचं बिल लावता व्हय?"

प्रोब आणि पत्रा यांच्यात केसाएवढी हवा राहिली तरी हा आवाज पुढे जात नाही. म्हणून मध्ये जेल लावायचं. हे सोनोग्राफीला लावतात त्याच जातीचं. एका फिटरमामांनी ते लगेच ओळखलं.

"सायेब, आमच्या सुनंच्या पोटाला ह्येच लावलं हुतं की दवाखान्यात."

"बरोबर आहे, मामा. पद्धत तीच."

"मग बगा की टाकीला. पोरगा का पोरगी?"

"मामा, कायद्यानं बंदी आहे. मळीची टाकी आहे, जे होईल ते गोड मानून घ्यायचं."

थट्टेवारी गेलं तरी नातं खरं आहे, आणि त्यात मोठेपणा बॉयलरकडे जातो. १९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड हे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रूला, बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीत गेले. तिथे धातूतले दोष शोधायचं अल्ट्रासॉनिक यंत्र होतं. ते त्यांनी गाठींवर टेकवलं. तुलनेसाठी कंपनीनं मांसाचा एक भलामोठा तुकडाही पुरवला. प्रतिध्वनी वेगवेगळे आले. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि डॉक्टर मंडळी पोटातलं बघू लागली. हे ऐकल्यावर मामांची छाती फुगली. "म्हंजे डाक्टर लोकांवर आमच्या बॉयलरचं उपकार हायती!" त्यांनी ही बातमी कँटीनमध्ये पोचवली आणि मला कपाऐवजी ग्लासातून चहा येऊ लागला.

जेल संपलं तर ग्रीस चालतं, ग्लिसरीन चालतं. साखर कारखान्यात तर मळीही चालते, मी लावून बघितली आहे. घट्ट आहे, ओघळत नाही, फुकट आहे. फक्त आकडा वाचून होईपर्यंत प्रोबला मुंग्या लागलेल्या असतात.

यंत्राला जाडी कळत नाही, ही गोष्ट मी शक्यतो चारचौघांत बोलत नाही. त्याला कळतो फक्त वेळ. वेळेला वेगानं गुणायचं आणि निम्मं करायचं, एवढंच त्याचं गणित. वेग किती धरायचा, हे आपण आधी बटण दाबून सांगायचं: पोलादाला ५,९०० च्या आसपास, ॲल्युमिनियमला ६,३००, बिडाला ४,६०० च्या आगेमागे. बिडाची वस्तू पोलाद म्हणून मोजली तर दहा मिलिमीटरचे जवळजवळ तेरा दिसतात, तेही दशांश चिन्हासकट, ठामपणे. एका कंत्राटदाराला हे कुठूनसं समजलं होतं. त्यानं नव्या टाकीचा पत्रा ठरल्यापेक्षा पातळ वापरला होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, जरा वेग वाढवून बघा ना."

"अहो, वेग निसर्गानं ठरवलेला असतो."

"असू दे हो. निसर्ग कुठं सही करायला येणार आहे?"

दुसरा एक हुशार निघाला. त्यानं मी येण्याच्या आदल्या दिवशी टाकीला रंगाचे हात दिले. रंगातून आवाज पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगानं जातो. त्यामुळे पाव मिलिमीटर रंग चढवला की यंत्राला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लोखंड वाढल्यासारखं दिसतं. लोखंडापेक्षा रंग स्वस्त पडतो. नव्या गेजमध्ये रंग वगळून मोजायची सोय असते, पण आतून गंजून खड्डे पडलेल्या पत्र्यावर ती रुसून बसते. म्हणजे जिथे खरी गरज तिथेच. मग ग्रायंडर लावून रुपयाएवढ्या जागा घासून काढायच्या. रंगाऱ्याच्या डोळ्यांत तेव्हा पाणी येतं. "नावावर तरी घासू नका, सायेब," असं तो म्हणतो. आम्ही टाकीवर आधी खडूनं चौकटी आखतो आणि जिथे रेघा मिळतात तिथेच मोजतो. त्यात पक्षपात नाही. एका टाकीवर रेघा नेमक्या 'स'वर मिळाल्या. अध्यक्षांच्या हस्ते पूजा झाली ती 'हकारी साखर कारखान्या'च्या टाकीची.

हे यंत्र घरी आणू नये, असं माझं मत आहे; पण मावशींच्या कानावर गेलंच. त्यांच्या लग्नातलं स्टीलचं पातेलं जाड की जाऊबाईंचं, हा वाद त्या घरात मुलांच्या मुंजी आणि नातवंडांची बारशी ओलांडून चालत आलेला होता. दोन्ही पातेली ओट्यावर मांडली गेली. जाऊबाईंचं भरलं १.३. मावशींचंही १.३. आता माझा प्रोब एक मिलिमीटरच्या खाली धड मोजू शकत नाही. पत्रा फार पातळ असला की पहिला प्रतिध्वनी त्याच्या हातून निसटतो, तो दुसरा पकडतो आणि जाडी बरोबर दुप्पट दाखवतो. मावशींचं पातेलं हातात घेतल्याबरोबर काय झालंय ते मला कळलं होतं. पण तेवढ्यात मावशींनी माझ्या तोंडात पेढा घातला. दोघी जावा त्या दिवशी एका ताटात जेवल्या. एवढं महागाचं यंत्र कुणाच्या घरात शांतता नांदवून गेल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

कारखान्यात अशी शांतता लाभत नाही, कारण तिथे मागच्या वर्षीचा रिपोर्ट असतो. त्यात ५.४ लिहिलेलं असतं आणि माझ्या यंत्रावर ५.८ येतात. लोखंडानं वर्षभरात बाळसं धरलेलं असतं. "आमच्याकडचं हवापाणीच तसं आहे," चीफसाहेब म्हणतात. खरं कारण साधं असतं: मागच्या माणसानं दोन हात पलीकडे मोजलं, किंवा गेस्ट हाउसच्या पंख्याखाली बसून सगळे आकडे एकाच दमात लिहून काढले. हे मी बोलत नाही. 'मोजणीची जागा पंचनं कायम करावी' एवढंच रिपोर्टात लिहितो. खडूची खूण पहिल्या पावसात जाते.

फिटरमामांना यातलं काहीच लागत नाही. ते हातोडीनं नळीवर टिचकी मारतात आणि कान लावतात. टण्ण वाजली की पुढची. बद्द वाजली की थांबतात. "सायेब, ही पातळ झालीया." मी जेल लावतो, प्रोब टेकवतो, हलका डोलवून सगळ्यांत लहान आकडा टिपतो, आणि ती पातळ झालेली असते. खरं म्हणजे आमचा दोघांचा धंदा एकच: ठोकायचं आणि परत काय येतं ते ऐकायचं. फक्त त्यांच्या हातोडीला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नाही आणि 'बद्द' हा आकडा दशांशात लिहिता येत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं ते सांगतात ते कुणी कागदावर घेत नाही. मी तेच सांगतो, जीएसटी लावून, तेव्हा घेतात. निदान घेतील असं मला वाटायचं.

एका वर्षी बॉयलरच्या धुरावर पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरच्या वळणावरच्या नळ्या निघाल्या २.९. नव्या असताना त्या चार मिलिमीटरच्या होत्या. त्या कोण खातं, हेही ऐकण्यासारखं आहे. उसाच्या मोळीबरोबर शेतातली माती येते, गाळपातून ती चोथ्यात, म्हणजे बगॅसमध्ये राहते, बगॅसबरोबर भट्टीत जाते, आणि राखेतले वाळूचे कण धुराच्या लोटात नळ्यांवर आपटत राहतात. म्हणजे सभासदाच्या रानातली मातीच सभासदाच्या बॉयलरची नळी घासते, आणि खर्चही सभासदाच्याच खात्यावर पडतो. सहकार तो हाच. पुढचा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल: आजच्या जाडीतून किमान लागणारी जाडी वजा करायची आणि दरवर्षीच्या झिजेनं भागायचं. उत्तर आलं, एक हंगामही नाही. १९२३ चा बॉयलर कायदा शंभरी ओलांडून २०२५ मध्ये बदलला. नळ्यांना तेवढी मुदत देता येत नाही.

अडचण एवढीच, की बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मुहूर्त ठरला होता, पाहुण्यांच्या नावांचा क्रम दोन रात्री जागून जमवला होता. एक संचालक स्वतः बॉयलरवर आले.

"दोन पॉइंट नऊ म्हणजे तीनच की हो."

"तीन धरले तरी बदलाव्याच लागतील."

"परत मोजा."

परत मोजलं. २.९.

"जरा बाजूला मोजा."

बाजूला २.८ आले. त्यांनी माझा हात धरला. "थांबा, थांबा! मोजत बसलात तर काहीच शिल्लक ठेवणार नाही तुम्ही."

मामा मागे हातोडी घेऊन उभे होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या 'बद्द'मध्ये काही कमी नव्हतं. तो खर्चाचा आवाज होता, म्हणून ऐकू जात नव्हता. माझा दशांश स्वस्तात सुटला असता तर तो पहिल्या फटक्यात मान्य झाला असता. शेवटी बॉयलर निरीक्षक येणार आणि पाणी भरून दाबाची चाचणी घेणार, ही आठवण चीफसाहेबांनी हळूच करून दिली. पाहुण्यांच्या अंगावर पाण्याचा फवारा उडाल्याचं चित्र संचालकांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं. तासाभरात नळ्यांच्या ऑर्डरवर सही झाली. मुहूर्त साधला. भाषणात 'आधुनिक तंत्रज्ञानाची कास' धरल्याचा उल्लेख झाला.

सामान गाडीत ठेवत होतो तेव्हा तेच संचालक मला बाजूला घेऊन गेले. आवाज खाली आला.

"आमच्या नव्या बंगल्याच्या स्लॅबमध्ये कंत्राटदारानं सळ्या किती घातल्यात, ते दिसेल का तुमच्या ह्यात?"

"नाही हो. काँक्रीटमध्ये खडी असते, वाळू असते. हा आवाज त्यात विखरून जातो, परत येतच नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं."

त्यांनी माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, मग तुमचं बिल कशाचं मंजूर केलं आम्ही?"