तेलही गेलं, बॉलही गेला!

अहो, ऐकलंत का? अमेरिकेत लोक बोलिंगला जाताना सहा-सहा बॉल घेऊन जातात म्हणे! बुमराहची बोलिंग नव्हे हो, लाकडी फळ्यांवरून दहा पिना पाडायची ती. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये आपण भाड्याचे बूट चढवतो, दिसेल तो गुलाबी-हिरवा बॉल उचलतो, तो बाजूच्या गटरमध्ये गेला की खो खो हसतो आणि पॉपकॉर्नकडे वळतो. तिकडे असं हसण्यावारी नेत नाहीत. चाकांची बॅग खडखडवत माणूस येतो. त्यात सहा बॉल, पंधरा पौंडांचा एक, म्हणजे चाळीस किलोंचा ऐवज! लग्नाच्या बस्त्यात हळदीची साडी वेगळी, मुहूर्ताची वेगळी, रिसेप्शनची वेगळी, तसंच हे. जास्त तेलाचा बॉल वेगळा, कमी तेलाचा वेगळा, तेल वाळत चाललं की काढायचा वेगळा. आणि एकटीदुकटी उरलेली पिन पाडायला कोपऱ्यात बिचारा प्लास्टिकचा.

तेल? हो, तेलच. सगळी भानगड तिथेच आहे.

बॉल टाकताना जी ओलांडायची नाही त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट. रुंदीला ३९ पट्ट्या. त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर यंत्राने तेल पसरतात, पुढचा भाग कोरडा ठेवतात. तेल किती, तर जेमतेम दोन मोठे चमचे! आणि तेही डोळ्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या दोन चमचे तेलासाठी माणसं एकेका बॉलला दोनशे डॉलर मोजतात, भोकं पाडायची मजुरी वेगळी. बायको विचारते, ‘मागच्या महिन्यात घेतलात ना एक?’ तर उत्तर तयार असतं, ‘तो या तेलावर चालत नाही गं.’

बरं, हे तेल सगळीकडे सारखं असेल तर शपथ. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी जे घालतात ते मधे दाट आणि कडांना विरळ. बॉल जरा बाहेर गेला तर कोरड्यावर पकड मिळून आत वळतो, मधेच राहिला तर तेलावरून घसरत सरळ जातो. दोन्हीकडून पाहुणा पॉकेटमध्ये! उजव्या हाताच्या खेळाडूचं पॉकेट म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधली फट. असं लाडावणारं तेल असलं की कालचा पोरगाही ‘माझा हूक बघा’ म्हणत छाती काढतो. स्पर्धेचं तेल मात्र मधे आणि कडेला जवळजवळ सारखं असतं. तिथे पट्टीभर चूक झाली तरी बॉल हात दाखवून पसार. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने तर तेलाच्या नमुन्यांना चित्ता, विंचू, शार्क, अस्वल अशी नावं दिली आहेत. चित्त्यात तेल आखूड, शार्कमध्ये लांबवर. वर जाणकारांचा हिशेब असा, की तेलाच्या लांबीतून ३१ वजा करा. ४० फुटांचं तेल असेल तर बॉल नवव्या पट्टीच्या आसपास वळायला हवा. पंचांग इतकं बारकाईने कुणी बघतं का हो आजकाल?

आता नव्या बॉलचं ‘परीक्षण’ कसं होतं, ते ऐका. मनगट पोलादी असलेला एक पठ्ठ्या कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि त्याच लाडावणाऱ्या तेलावर बॉल फेकतो. स्ट्राइक, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना आडव्या. पुन्हा स्ट्राइक. मग निकाल, ‘शेवटी झकास वळतो!’ अहो, त्या तेलावर त्याने कलिंगड फेकलं असतं तरी वळलं असतं. तोच बॉल आपल्या काकांनी, त्यांच्या वेगाने आणि त्यांच्या फिरकीने टाकला तर काय करेल, हे कुणी सांगत नाही.

आणि ही भानगड काही आजची नाही. १९७३ साली डॉन मॅक्यून नावाच्या खेळाडूने बॉल चक्क रसायनात बुडवून ठेवला! कवच मऊ पडलं, लेनवरची पकड वाढली आणि गृहस्थाने त्या एका वर्षात सहा स्पर्धा मारल्या. मग काय, बाकीचेही बादल्या घेऊन बसले. शेवटी बॉल किती कडक हवा याचा नियमच करावा लागला. प्रकरण मिटलं म्हणता? २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या बोलिंग काँग्रेस या नियामक संस्थेने २०१६ आणि २०१७ साली बनलेले ‘पर्पल हॅमर’ आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमधून बाद केले. का, तर नियमापेक्षा मऊ निघाले! लोक आपापल्या जांभळ्या बॉलवरचा अनुक्रमांक चष्मा लावून वाचत बसले असतील.

पण सगळ्यांत हळहळण्यासारखं झालं ते ग्लेन ॲलिसनचं. १९८२ च्या जुलैत कॅलिफोर्नियाच्या ला हाब्रामध्ये या माणसाने एकामागून एक तीन डाव ३०० चे टाकले, म्हणजे ओळीने छत्तीस स्ट्राइक, ९०० गुण. त्याआधी मान्यताप्राप्त खेळात हे कुणालाच जमलं नव्हतं. तपासनीस आले, त्यांनी लेन तपासली आणि सांगितलं, तेल नियमात नाही, विक्रम मान्य नाही! खेळला तो, नापास झालं तेल. मान्य झालेला पहिला ९०० थेट १९९७ मध्ये, जेरेमी सॉनेनफेल्डचा. तोवर राळेचं सच्छिद्र, तेल पिणारं कवच बाजारात आलं होतं आणि ३०० चे डाव स्वस्त झाले होते. १९६८-६९ च्या हंगामात असे डाव नऊशेच्या घरात होते, १९९८-९९ मध्ये चौतीस हजारांच्या वर! माणसं तेवढ्या पटीत हुशार झाली, यावर कुणी विश्वास ठेवायचा?

हा सच्छिद्र बॉल तेल पितो आणि हळूहळू मंदावतो. मग मालक त्याला भांड्याच्या साबणाने गरम पाण्याची अंघोळ घालतात. घरच्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नसेल, पण बॉलला अभ्यंग!

सगळ्यांत खमंग गोष्ट शेवटीच सांगते. बोलिंग काँग्रेसने बॉल कसा वळतो याचा मोठा अभ्यास केला. आतल्या गाभ्याचे कोन, वजनं, मापं सगळं तपासलं. निघालं काय? सर्वांत जास्त फरक पडतो तो वरच्या पृष्ठभागाच्या खरखरीतपणाने! म्हणजे दोनशे डॉलरचा नवा बॉल घेण्याऐवजी जुनाच घासायच्या चकतीने जरा खरखरीत केला असता, किंवा पॉलिश मारून गुळगुळीत केला असता, तरी निम्मं काम झालं असतं. हे दुकानदार सांगेल का? त्याने का सांगावं?

तर, कुणी नव्या बॉलचं कौतुक सांगू लागलं तर आधी विचारा, कोणत्या तेलावर? आखूड, मध्यम, लांब, तिन्हींवर टाकलास का? एकाच दिवशी, एकाच जोडीच्या लेनवर, जुना बॉल शेजारी ठेवून? बॉल कुठे घसरला, कुठे वळला, पिनांत कोणत्या कोनाने शिरला, ते लिहून ठेवलंस का? आणि कारखान्यातून आलेली चकाकी पाच-सहा डावांत उतरल्यावर काय झालं? यांपैकी एकाचंही उत्तर न देता तो खिशातून पाकीट काढू लागला, तर पाकीट काढून घ्या आणि हातात घासायची चकती द्या.