कपाशीची भेंडी करणाऱ्या आबांस



आपले आभार मानायचे राहून गेले होते. जुलैत भर दुपारी आपण उसाच्या खोडव्यात टू-फोर-डी मारलेत. वारा पश्चिमेचा आणि आमची कपाशी आपल्या पूर्वेला. तणनाशकाचा सगळा खर्च आपण सोसलात आणि बांधापलीकडे आम्हालाही वाटा दिलात. असा दिलदार शेजारी कुणाला मिळतो?

आठवड्याभरात शेंडे बदलले. कपाशीचे पान तळहातासारखे रुंद. नवे आले ते भेंडीसारखे चिरलेले, अरुंद, शिरा एकमेकींना खेटलेल्या. पाती पिवळी पडून सरीत गळाली. आईने ती ओंजळभर वेचून पदरात आणली आणि ओट्यावर ओतली. त्या दिवशी ती जेवली नाही. एका पिकात दोन पिके दाखवलीत, आबा. बोंडे मात्र एकाचीही मिळणार नाहीत.

ऊस गवताच्या जातीचा, त्याला या औषधाचे फारसे काही वाटत नाही. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो यांना नुसता वास पुरतो. त्यातून आपण या औषधाचा एस्टर प्रकार निवडलेत. उन्हात त्याची वाफ होते, म्हणजे फवारणी संपल्यावरही आपली कृपा चालूच.

नोझलचेही कौतुक करायला हवे. तणनाशकाला चपट्या फवाऱ्याचे, मोठ्या थेंबाचे नोझल लागते. आपण कीटकनाशकाचे बारीक शंकूचेच ठेवलेत आणि पंपाचा दाब वाढवलात. थेंबाचा व्यास निम्मा केला की एकाचे आठ थेंब होतात, प्रत्येकाचे वजन आठवा हिस्सा. केसाच्या जाडीचा थेंब चटकन खाली पडत नाही, वाऱ्याबरोबर चालतो. एवढी काटकसर आपल्यालाच सुचावी!

बांधावर शेवरीची दाट ओळ होती. उडून येणारे थेंब तिच्या पानांवर अडायचे. उसाला सावली पडते म्हणून आपण ती तोडलीत, वर सरपण आमच्याकडे पाठवलेत. ते अजून गोठ्यामागे रचलेले आहे. पेटवायला हात धजत नाही.

आणि पाचट! उन्हाळ्यात सरीत पसरून ठेवले असते तर निम्मे तण उगवलेच नसते. आपण ते एका संध्याकाळी पेटवलेत. मोकळ्या जमिनीवर तण आले, तणासाठी तणनाशक आले आणि तणनाशक आमच्याकडे आले. सगळे कसे ओळीने.

आता गड्याबद्दल. तो पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारत होता, तेही वाऱ्याकडे तोंड करून. नंतर आमच्या नळावर अर्धा तास डोळे धूत बसला. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती औषधे वेगळी होती, पण उघड्या अंगावर उडणारे तुषार असेच होते. कपाशी पुन्हा पेरता येते, आबा. त्या पोराचे डोळे लाल पाहिले तेव्हा मला आभार मानायचे सुचले नाही.

म्हणून पदर पसरून मागते. नोझलला प्लास्टिकचे हूड लावा. फवारा त्याच्या आत राहतो, तणावरच पडतो. नोझल गुडघ्याखाली धरायला सांगा. बाभळीच्या डहाळ्या सारख्या हलत असतील तर त्या दिवशी पंप खाली ठेवा. संध्याकाळी वारा अगदीच पडला तरी थांबा, तेव्हा बारीक थेंब थंड हवेत तरंगत राहतात. बांधालगतच्या चार ओळी तर औषधाशिवायच काढा. आपली सरी साडेचार फुटांची, पॉवर वीडर आरामात फिरतो. खोडाजवळ खुरपे आहेच.

आणि शेवरीचे बी मी आणून ठेवले आहे. बांध दोघांचा, या पावसात दोघांनी मिळून लावू.

वीडर भाड्याने आणायचा नसेल तर आमचे सायकल कोळपे गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे. दाराला कडी नसते. कधीही न्या, विचारायचीही गरज नाही.

आपली,
बांधापलीकडची सूनबाई