हळदीचं दूध आणि मामींची चामुंडी

"काय हो काकू, एकट्याच कुणावर चिडलाय?"

"गुडघ्यावर! मार्केटातून निघाले ती चिक्क गडियाराच्या मनोऱ्यापर्यंत येता येता दोनदा टेकले. आणि रोज रात्री हळदीचं दूध पितेय मी, चांगली चमचाभर हळद घालून."

"चमच्यात तीन ग्रॅम हळद मावते. कामाचं असतं ते त्यातलं कर्क्युमिन, शंभरात दोन ते पाच भाग. म्हणजे तुमच्या पोटात जातं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. दवाखान्यातल्या प्रयोगांत दिवसाला दीड-दीड ग्रॅम देतात, तेही अर्क काढून."

"तुला गं हे सगळं कुठून ठाऊक?"

"ह्यांची सगळी नोकरी इथल्या म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये, अन्न संशोधन संस्थेत गेली ना! आमच्याकडे आमटी वाढतानाही हळदीवर व्याख्यान. वर ते कर्क्युमिन अंगी लागतच नाही म्हणतात. बंगळूरच्या सेंट जॉन्समधल्या डॉक्टरांनी १९९८ साली छापलंय, दोन ग्रॅम देऊनही रक्तात जेमतेम दिसलं. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तेव्हा २००० टक्क्यांनी वाढलं."

"मग मिरपूड टाकते की दुधात."

"टाका, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

"आणि कॅप्सूल घेतल्या तर?"

"महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी २०१९ साली १३९ जणांचा प्रयोग छापला. निम्म्यांना कर्क्युमिन, निम्म्यांना डायक्लोफेनॅक, २८ दिवस. दुखणं दोन्हीकडे सारखंच उतरलं. पण डायक्लोफेनॅकवाल्यांत २८ टक्के लोकांना अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यावी लागली, कर्क्युमिनवाल्यांत एकालाही नाही. आमचे हे मात्र नाक मुरडतात. कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं ना त्यात."

"मला तर ग्रंधिगेवाल्यानं, त्या जडीबुटीच्या दुकानदारानं, साळईचा डिंक दिलाय. ‘मंडी नोवु’, गुडघा दुखतो, म्हटलं की लगेच पुडी बांधतो मेला!"

"तो धुपाला जाळा. औषध त्याच्या अर्काचं. नागपूरच्या डॉक्टरांनी ३० जणांना आठ आठवडे अर्क आणि आठ आठवडे नुसत्या नावाची कॅप्सूल अशी आलटून पालटून दिली, २००३ साली छापून आलं. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकला, चालणं वाढलं. एक्स-रे मात्र होता तस्साच."

"म्हणजे झिजलं ते झिजलंच."

"ते भरून नाही येत. मांडीचे व्यायाम आणि वजन, तिथं सुटका नाही. आणि हो, काकांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? कॅप्सूल आणलीत तर त्यांना देऊ नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय."

"अगं, ते माझ्या पेल्यातलं अर्धं दूध आयतं पितात!"

"दुधाचं काही नाही हो, अर्काचं म्हणतेय. तुम्हीसुद्धा आधी आयुर्वेद कॉलेजात दाखवून या. आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावरच तर आहे, कॉलेज १९०८ सालचं."

"पण त्या मागच्या गल्लीतल्या मामी? महिनाभर कॅप्सूल घेतल्या आणि चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या चढल्या म्हणून सांगत फिरतायत!"

"कसल्या पायऱ्या! बसनं गेल्या. मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते."